खांबावर बसायला शिकताना

मी एम्ब्रॉयडरीची डिझाइनं पंच करते. म्हणजे साडीवर मशीन जी फुलंपानं भरते, तिला टाका कुठून घ्यायचा, कुठे वळायचं आणि कुठे धागा तोडायचा हे कॉम्प्युटरवर आखून द्यायचं. सुरतेत, पर्वत पाटिया भागात एका मार्केटच्या मागच्या इमारतीत आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे उजव्या हातात माउस धरून मी वीस वर्षं बसते आहे. अडतिसाव्या वर्षी माझी मान आणि उजवा खांदा असा धरला, की अंबाडा घालायला हात डोक्यामागे जाईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की याने महिनाभर बरं वाटेल, पुढचं तुमच्या हातात आहे, काहीतरी व्यायाम करा.

ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडे, फरसाणाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर सकाळी बायकांचे वर्ग चालायचे. मी योगासाठी गेले. त्या दिवशी योगाच्या बाई आल्याच नव्हत्या. हॉलच्या दुसऱ्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत दोन स्टीलचे खांब बसवले होते. त्यातल्या एकावर, जमिनीपासून चारेक फूट वर, पंचविशीची एक मुलगी दोन्ही हात सोडून बसली होती. ओट्यावर बसून भाजी निवडावी इतक्या आरामात. बसल्या बसल्या ती खाली उभ्या असलेल्या मुलीला काहीतरी समजावून सांगत होती. त्या क्षणी मला नाचबीच काही सुचलं नाही, लाजही सुचली नाही. मी तिचे खांदे बघत राहिले. ते कानांपासून लांब, खाली, सैल होते. माझा उजवा खांदा कित्येक महिने कानाला चिकटून बसला होता.

ती उतरून माझ्याकडे आली. मी सांगितलं, योगाला आले होते आणि खांदा दुखतो. तिने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि दोन्ही हात वर करायला लावले. डावा हात भिंतीला टेकला, उजवा अर्ध्यातच अडला. मग तिने माझ्या खांद्याच्या फऱ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, हात वर न्यायच्या आधी हे हाड खाली ओढ, जणू मागच्या खिशात ठेवायचंय. मी ओढलं. हात चार बोटं जास्त वर गेला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते दोन मिनिटांत थोडंसं झालं होतं, आणि मी तिथेच ठरवलं की ही जे शिकवेल ते मी शिकणार.

ती शिकवत होती पोल डान्स. हा शब्द मी सिनेमांतून ऐकलेला, आणि सिनेमांतल्यासारखाच अर्थ मला माहीत होता. तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. म्हणाली, पहिले दोन महिने नाच नाहीच, नुसतं धरायचं, चढायचं, बसायचं आणि उतरायचं. ती सुरतच्याच गुजराती घरातली, पण हे शिक्षण तिने बाहेरगावी घेतलेलं. गुजराती आणि हिंदी मिसळून बोलायची, मला दीदी म्हणायची. मी आधी तिला मॅडम म्हणत असे. पण माझ्याहून तेरा वर्षांनी लहान मुलीला मॅडम म्हणताना दोघींनाही अवघडल्यासारखं व्हायचं, मग मी आपोआप 'तू'वर आले.

घरी मी नवऱ्याला दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलं. तो पांडेसरातल्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्टर आहे, मोजकं बोलतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पडू नकोस." सासूबाईंना मात्र मी योगाला जाते एवढंच सांगितलं. वेळ आली की मीच सांगेन, तोवर तू काही बोलू नकोस, असा शब्द त्याच्याकडून घेतला. त्यानेही दिला. तेव्हा दोघांनाही वाटलं नव्हतं की या शब्दाचा त्याला असा त्रास होईल.

सुरुवातीला मी पायघोळ लेगिंग घालून जायचे. खांबाला पाय लावला की कापड सर्रकन घसरायचं आणि मी खाली. टीचर म्हणाली, "दीदी, खांब कातडीने धरायचा असतो. कापडाने नाही." दोन दिवस मी विचार केला, तिसऱ्या दिवशी सलवारीच्या आत अर्धी चड्डी घालून गेले आणि सगळ्यांत मागच्या कोपऱ्यात जाऊन सलवार काढली. कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. ज्या चार-पाच जणी होत्या त्या आपापल्या गुडघ्यांकडे, घोट्यांकडे बघत होत्या. एक शिक्षिका होती, एकीचं ब्युटी पार्लर होतं, एक नुकतीच कॉलेज संपवलेली. सगळ्या कुठेतरी निळ्या-जांभळ्या झालेल्या होत्या.

मीही झाले. खांबावर चढताना एक पाऊल मागून अडकवायचं, नडगीचा खालचा भाग पुढून टेकवायचा आणि दोन गुडघ्यांनी खांब आवळायचा. मी नडगीऐवजी घोट्याचं हाडच खांबावर टेकवायचे. असं दुखायचं की डोळ्यांसमोर पिवळं दिसायचं. त्याहून वाईट ते खांबावर बसणं. दोन मांड्यांमध्ये खांब आवळून, एक मांडी दुसरीवर चढवून हात सोडायचे. मांडीच्या आतली कातडी तर कधी उन्हाची झळही न लागलेली, मऊ. ती स्टीलमध्ये अशी चिमटायची की मी खाली येऊन वाकून उभी राहायचे आणि मनातल्या मनात अंक मोजायचे.

अशा वेळी टीचर जवळ येऊन प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायची. दुखतंय कुठे, नीट दाखव. आणि मग आम्ही कसं दाखवतो ते बघायची. कुणी अख्खा तळहात मांडीवर किंवा दंडावर फिरवून दाखवला, तर ती म्हणायची, ठीक आहे, कातडी आहे, स्नायू आहे, हळूहळू सवय होईल, आजच्यापुरतं पुरे. पण कुणी एका बोटाने सांध्यावर नेमकी जागा दाखवली, किंवा मुंग्या येतात म्हणून सांगितलं, तर त्या दिवशी तिचं खांबावर चढणं बंद. "हे दुखणं वेगळं," ती म्हणायची. "याच्याशी भांडायचं नाही. याचं ऐकायचं." दिवसाला एक प्रकार तीनदाच, चौथ्यांदा नाही. जे उजवीकडून केलं ते डावीकडूनही. वर्गाच्या आधी अंगाला तेल-क्रीम लावायचं नाही, घरी गेल्यावर काळ्यानिळ्या जागी आधी गार पाण्याची पट्टी. हे सगळं ती इतक्यांदा सांगायची की माझ्या स्वप्नातही यायचं.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, मी घरी साडी गुडघ्यावर खोचून मोरीत चादरी धूत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला आणि वर मांडीपर्यंत जांभळे डाग होते, एक-दोन पिवळे पडायला लागलेले. दंडावर बोटांएवढे पट्टे. त्यांनी विचारलं, हे काय. मी घाईने साडी खाली सोडली आणि म्हटलं, "पडले, आई."

सासूबाईंनी आयुष्याची बावीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, धाग्याच्या कांड्या भरल्या. धुळ्याकडून लग्न होऊन आल्या आणि नवागामच्या या एका गल्लीत राहिल्या. घरात अजून अहिराणीच बोलतात. कांडी मशीनवर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या कितीतरी बायका सकाळी सुजलेला डोळा घेऊन यायच्या आणि काय झालं विचारलं की 'पडले' म्हणायच्या. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. तेव्हा मात्र त्यांनी आत जाऊन हळद कालवून आणली आणि माझ्यासमोर वाटी ठेवली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. सासूबाईंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं, पण वाढलं नाही. समोर पाटावर बसल्या. आमची मुलगी आत अभ्यास करत होती, तिला त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. मी गॅसपाशी भाकरी थापत होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं,

"मन्हा आंडोर हात उचलस का तुन्हावर? खरं सांग माले."

आंडोर म्हणजे मुलगा. माझा हात परातीतच थांबला. नवऱ्याने वर बघितलं. मला वाटलं, आता तो सांगून टाकेल, आणि सांगितलं असतं तर त्यात काहीच चूक नव्हती. पण त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सासूबाईंनी ते खाली बघणं आपल्या परीने समजून घेतलं. मग त्या त्याला बोलायला लागल्या. तुझा बाप कसाही असला तरी त्याने माझ्यावर कधी हात टाकला नाही, मी तुला हे शिकवलं का, पोरीच्या जातीला असं मारून ठेवायचं आणि वर रिकाम्या ताटापुढे बसायचं, तुला शरम वाटत नाही का. अहिराणीत हे सगळं मराठीपेक्षा जास्त लागतं. तो ऐकत होता. बाजूच्या खोलीत मुलगीही ऐकत असणार. ज्याने माझ्यावर आवाजसुद्धा चढवलेला नाही असा माणूस, मी मागून घेतलेला एक शब्द पाळायचा म्हणून, आईच्या नजरेतून उतरत होता आणि तोंडातून ब्र काढत नव्हता.

आणि मी गप्प होते. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत गप्प होते. ती तीन-चार मिनिटं आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते. शेवटी मी पिठाच्या हाताने पुढे आले आणि म्हटलं, "आई, त्याने काही केलं नाही. मी खोटं बोलले. मी खांबावर चढायला शिकते."

सासूबाईंना काहीच कळलं नाही. मी मोबाइलवर टीचरचा एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला. मग विचारलं, मल्लखांब का. गावात शाळेच्या मैदानात त्यांनी लहानपणी मुलांना चढताना पाहिलं होतं. मी म्हटलं, तसंच धरा, फक्त खांब लोखंडी आणि चढणाऱ्या बायका. त्यांनी मोबाइल मला परत दिला. मग उठल्या, मुलाच्या ताटात भाजी वाढली, भाकरी वाढली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. तो जेवत राहिला. त्यांनी त्याची माफी मागितली नाही, त्याची अपेक्षाही नव्हती. मला फक्त एवढंच म्हणाल्या, "इतलं दुखाडी लेस, काबर व माय?" एवढं दुखवून का घेतेस?

मी म्हटलं, येऊन बघा.

पुढच्या रविवारी त्या आल्या. तीन जिने चढताना दोनदा थांबल्या. टीचर वाकून त्यांच्या पाया पडली, खुर्ची दिली, पाणी दिलं. आम्ही बायका अर्ध्या चड्ड्यांवर होतो. सासूबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि मग पदर सावरून पुढे सरकून बसल्या. माझी पाळी आली. मी चढले, मांड्या आवळल्या, हात सोडले आणि नेहमीसारखी चिमटा बसून कळवळले. सासूबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. टीचरने हातानेच त्यांना थांबवलं आणि माझ्या कमरेला आधार दिला.

म्हणाली, दीदी, तू खुर्चीवर बसतेस तशी ताठ बसतेस. त्यामुळे सगळं वजन खाली त्या मऊ जागेवर घसरतं. आधी खांब मांडीत आणखी वर घे. वरचा गुडघा खालच्यावर नीट चढव, फट ठेवू नकोस. आता कंबर पुढे, आणि पाठ मागे झुकव. घाबरू नकोस, मी धरलंय. मी झुकले. अंगात काहीतरी जागच्या जागी बसलं. दुखणं गेलं नाही, पण अर्ध्यावर आलं, आणि टोचणारं होतं ते दाबल्यासारखं पसरट झालं. मी हात सोडले. छताचा पंखा दिसला, खिडकीबाहेर पार्सलं भरणारा टेम्पो दिसला. मी बसले होते.

"आते तोंड वाकडं नही करी ऱ्हायनी," सासूबाई टीचरला म्हणाल्या. आता तोंड वाकडं करत नाहीये, असं. टीचरला अहिराणी कळली नाही, पण अर्थ कळला. ती हसली.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर सासूबाईंनी तिला आपले गुडघे दाखवले. तिने त्यांना भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली बसायचा एक व्यायाम शिकवला, दुखायच्या आधी थांबायचं म्हणून बजावलं. खाली उतरून आम्ही फरसाणाच्या दुकानात गरम, वाफवलेला लोचो खाल्ला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली होती की यांची सून मल्लखांब करते. कोण काय म्हणालं ते मला कळू दिलं गेलं नाही. सासूबाईंनी ते परस्परच निपटलं असावं.

सगळं इतकं छान झाल्यावर माणसाने शहाणं व्हायला हवं, पण मी झाले नाही. सहाव्या महिन्यात टीचरने ठरवलं की एका रविवारी सकाळी घरच्या माणसांना बोलवायचं आणि शिकलेलं दाखवायचं. मला एका हाताने लटकून गिरकी घ्यायची होती. टीचर नको म्हणाली होती, तुझा खांदा अजून तेवढा तयार नाही. मला वाटलं, ती उगाच जपते. एका सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. झाडलोट करणाऱ्या मावशींनी हॉल उघडून ठेवला होता. अंग गरम केलं नाही, काही नाही, उजव्या हाताने वर धरलं आणि झोकून दिलं. खांदा खाली ओढायचा असतो हे विसरले. नुसती दोरीवर ओली गोधडी टाकावी तशी लटकले. आत कुठेतरी टक् झालं.

पडले नाही. रक्त नाही, सूज नाही. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला एक बारीक जागा अशी दुखू लागली की माउस फिरवतानाही कळ यायची. मी कुणाला सांगितलं नाही. दोन आठवडे वर्गात सगळं डाव्या बाजूने करत राहिले, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, डावी बाजू कच्ची आहे ना.

एके दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी केस बांधत होते. टीचर समोर येऊन उभी राहिली.

"दीदी, केस डाव्या हाताने का बांधतेस?"

मी म्हटलं, असंच. तिने तोच प्रश्न विचारला, दुखतंय कुठे, नीट दाखव. मी अख्खा तळहात खांद्यावर ठेवला. जाणूनबुजून. सहा महिने तिच्याकडे शिकल्यावर मला माहीत होतं की तळहात दाखवला की ती पुढे जाऊ देते. तिने माझा हात हातात घेतला, चार बोटं दुमडली, एक उघडं ठेवलं आणि म्हणाली, "आता दाखव."

मी दाखवलं. मग मला रडू आलं, दुखण्याने नाही, पकडले गेल्याने.

ती रागावली नाही. बाकीच्यांना अंग गरम करायला लावून ती माझ्याजवळ चटईवर बसली. टी-शर्टचा गळा बाजूला करून आपला उजवा खांदा दाखवला. तिथे बोटाच्या पेराएवढे दोन पांढरट व्रण होते. सांगू लागली, विसाव्या वर्षी तिनेही असंच केलं होतं. शिकवणाऱ्या बाईंपासून तीन महिने लपवलं, कारण एका कार्यक्रमात तिचं नाव पहिलं होतं. कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. अजूनही तो हात पाठीमागे पुरता जात नाही. एका हाताने लटकायचे प्रकार ती आम्हाला शिकवते, पण उजव्याने स्वतः करून दाखवत नाही, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणाली, माझ्या बाईंना विचारायला वेळ नव्हता, त्यांच्या वर्गात चाळीस जणी होत्या. म्हणून मी सहाच जणी घेते.

तिने मला ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं, फाटलेलं काही नाही, ओढलं गेलंय, सहा आठवडे खांबाला हात लावायचा नाही. मी टीचरला फोन करून सांगितलं की मग सहा आठवड्यांनी येते. ती म्हणाली, का, डोळे दुखावलेत का? उद्या वेळेवर ये आणि बसून बघ.

ते सहा आठवडे मी खुर्चीवर बसून बघितलं. पहिला आठवडा नुसता राग. हातात रबराचा पट्टा धरून, कोपर कुशीला चिकटवून, तो बाहेर ओढायचा आणि सोडायचा एवढाच व्यायाम. दुसऱ्या आठवड्यात मला दिसायला लागलं. कॉलेजवाली मुलगी चढताना पाऊल सैल सोडते म्हणून तिचा घोटा सोलतो. शिक्षिकाबाई वरच्या हाताने ओढतात, पण खालच्या हाताने ढकलत नाहीत, म्हणून सगळा भार एकाच खांद्यावर येतो. माझ्या कामात टाक्याची दिशा चुकली की कापड आकसतं. डिझाइन कितीही सुंदर असो, चुणी पडतेच. मी सतरा वर्षं कापडावर ताण कुठून कुठे जातो ते बघत आले होते, फक्त स्वतःच्या अंगाकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मी वहीत काड्यांची माणसं काढू लागले. खांब एक रेघ, माणूस पाच-सहा रेघा, आणि वजन जातं तिकडे बाण. चुकीचं एक, बरोबर एक.

टीचरने एक दिवस मागून वही पाहिली. तिने पानं मागून घेतली, दुसऱ्या दिवशी ती मोठी करून खांबांच्या मागच्या भिंतीवर लावली. बसण्याचं, चढण्याचं, उतरण्याचं आणि खांद्याचं. माझ्या डिझाइनच्या हजारो साड्या बाजारात गेल्या असतील, त्यातली एकही कुणी माझ्या म्हणून भिंतीवर लावलेली नाही. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचले, शेठ काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही.

घरच्यांना बोलवायचा रविवार माझ्यासाठी पुढे ढकलला नव्हता, आणि ढकलायला नकोच होता. सहा आठवडे संपून तेव्हा चारच दिवस झाले होते. फिजिओथेरपिस्टनी दोन हातांनी धरायची परवानगी दिली होती, गिरकीची नाही. बाकीच्यांनी एकेक सुंदर प्रकार केले. कॉलेजवाली मुलगी उलटी झाली आणि तिच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. माझी पाळी आल्यावर मी वर चढले, सावकाश, दोन्ही खांदे खाली ओढून. खांब मांडीत वर घेतला, गुडघा चढवला, कंबर पुढे, पाठ मागे. हात सोडले आणि बसले. एवढंच. पहिल्या महिन्यातला प्रकार. समोर सासूबाई, नवरा आणि मुलगी बसले होते. मुलगी घरी माझ्याशीही अर्धं गुजराती बोलते, ती ओरडली नाही की टाळी वाजवली नाही, नुसती मोबाइल खाली ठेवून बघत राहिली. नवरा तर असा बघत होता जणू मी श्वास घेतला तरी पडेन. मी मनात वीसपर्यंत मोजलं. दुखत होतं, पण कुठे आणि किती ते मला ठाऊक होतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग उतरले.

जिन्यात नवरा म्हणाला, "गिरकी राहिली ना." मी म्हटलं, राहू दे.

त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. गिरकी मी दुसऱ्या वर्षी शिकले, दोन्ही बाजूंनी. अंबाडा दोन्ही हातांनी घालते. ऑफिसात तासातासाने उठून भिंतीला पाठ लावते, आता शेजारच्या टेबलावरच्या दोघीही लावतात.

गेल्या वर्षी टीचरचं लग्न ठरलं आणि ती बडोद्याला जायची झाली. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीने काही ना काही बोलून दाखवलं. मीही गुजरातीत चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, चुका होऊ नयेत म्हणून मुलीकडून तपासून घेतली होती. पण शेवटच्या दिवशी मी लवकर पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून, उजवा खांदा डाव्या हाताने दाबत बसली होती. सामानाची बांधाबांध करून हात भरून आला होता. त्या खांद्याला ती कुणाला हात लावू देत नसे. मी जवळ बसले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात बाजूला केला.

फिजिओथेरपिस्टनी मला शिकवलं होतं तसं मी फऱ्याच्या कडेने अंगठा हळूहळू फिरवत नेला. व्रणांना टाळून, दंडापर्यंत, पुन्हा वर. कुठे दुखतं ते तिला विचारावं लागलं नाही. थोड्या वेळाने तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर आलं आणि तिला झोप लागली. पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली. जिन्यात चपला काढल्याचे आवाज आले, शिक्षिकाबाई आणि मागोमाग दोघी नव्या मुली दारात आल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. त्या तिथेच, दाराशी, चटईवर हळूच बसल्या.